बायोस अपडेटनंतर प्रोसेसरचा वेग चुकीचा दिसणे: आकडा चुकला आहे की वेगच घटला आहे?

लक्षणे

मदरबोर्डचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारी बोर्डवरची मूळ आज्ञावली, अपडेट केला, मशीन विनातक्रार सुरू झाले, विंडोजही उघडले, पण प्रोसेसरचा वेग काल दिसत होता तसा आज दिसत नाही, अशी तक्रार दर थोड्या महिन्यांनी माझ्यापर्यंत येते. प्रत्येकाच्या मशीनवर तिचे रूप मात्र निराळे असते. खालीलपैकी आपले लक्षण नेमके कोणते, हे आधी कागदावर लिहून ठेवावे, कारण पुढच्या तपासण्यांपैकी निम्म्या त्यावरूनच टळतात.

- विंडोजच्या सिस्टिम माहितीच्या पानावर प्रोसेसरच्या नावात लिहिलेला वेग आणि त्यापुढे दिसणारा वेग जुळत नाहीत.
- टास्क मॅनेजरमध्ये वेग ०.७९ किंवा ०.३९ गिगाहर्ट्झवर अडकतो आणि कितीही काम दिले तरी हलत नाही.
- काम सुरू करताच वेग पूर्वीसारखा चढतो, परंतु अर्ध्या मिनिटाच्या आत खाली येतो.
- ३.६० ऐवजी ३.५९ असा किंचित कमी आकडा दिसतो.
- दोन टूल्स एकाच क्षणी दोन वेगळे आकडे दाखवतात.
- खुद्द बायोसच्या पहिल्या पानावरच वेग चुकीचा किंवा प्रोसेसर अनोळखी म्हणून दिसतो.

यांतील चौथे लक्षण बिघाड नाही, पाचवे बहुधा नाही आणि दुसरे जवळजवळ नेहमीच असते.

हा आकडा येतो कुठून

प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ घड्याळ, ज्याला बेस क्लॉक म्हणतात, गुणिले गुणक. अलीकडच्या बहुतेक मशीनमध्ये मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे असते. इंटेलच्या आय५-१०४०० या प्रोसेसरचा मूळ गुणक २९ असल्यामुळे त्याचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ होतो. टर्बोमध्ये, म्हणजे कामाच्या वेळी प्रोसेसर मूळ वेगाच्या वर चढतो तेव्हा, गुणक ४३ पर्यंत जातो आणि मशीन निवांत असताना तो ८ वर येऊन वेग ८०० मेगाहर्ट्झ दिसतो. ही सर्व मूल्ये त्या प्रोसेसरसाठी योग्यच आहेत.

सिस्टिम माहितीच्या पानावर नावासोबत येणारा वेग हा मोजलेला नसतो. तो प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेल्या नावाचा भाग असतो आणि कोणत्याही बायोसने बदलत नाही. त्यापुढचा आकडा विंडोज सुरू होताना ठरतो. टास्क मॅनेजरचा आकडा तिसऱ्याच रीतीने तयार होतो: प्रोसेसर मूळ वेगाच्या किती टक्के धावत आहे हे पाहून विंडोज त्या टक्केवारीने मूळ वेगाला गुणते. म्हणजे फर्मवेअरने (इथे बायोसनेच) मूळ वेगच चुकीचा सांगितला, तर टास्क मॅनेजरमधले सगळे आकडे त्याच प्रमाणात चुकतात, जरी प्रोसेसर आपल्या गतीने बिनदिक्कत धावत असला तरी. म्हणून ‘आकडा चुकला आहे की वेग घटला आहे’ हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. तो न सोडवता सेटिंग बदलत सुटणाऱ्यांची मशीन माझ्याकडे येतात, तेव्हा मूळ दोष कोणता आणि नंतर घातलेला कोणता हे शोधण्यातच निम्मा दिवस जातो.

पहिली तपासणी: मोबाइलचे स्टॉपवॉच

ही तपासणी फुकट आहे आणि मी कधीही टाळत नाही. एक ठरावीक काम घ्यावे, उदाहरणार्थ दोन-तीन जीबीच्या फोल्डरची सेव्हन-झिपने संकुचित फाइल करणे, आणि त्याला लागणारा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावा. अपडेटपूर्वीची नोंद असेल तर उत्तमच. नसेल तर तोच प्रोसेसर असलेल्या दुसऱ्या मशीनवर तेच फोल्डर घेऊन तुलना करावी, मात्र दोन्हीकडे एसएसडी आणि रॅम सारखीच असल्याची खात्री करून. वेळ सारखा आला, तर आकडा चुकला आहे, वेग नाही.

वेळ संगणकाच्या घड्याळावर न मोजता मोबाइलवर मोजण्यास कारण आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये एचडब्ल्यूबॉट या बेंचमार्कचे विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने विंडोज ८ वरील निकाल स्वीकारणे थांबवले होते, कारण विंडोज चालू असताना मूळ घड्याळाचा वेग बदलला की काही मशीनवर संगणकाचा स्वतःचा वेळच मागे किंवा पुढे धावू लागे आणि गुण आपोआप चांगले किंवा वाईट दिसत. ज्या घड्याळावर संशय आहे त्यालाच साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी: खरेखुरे रिस्टार्ट

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा उचलली जाते. त्यामुळे बायोस नवा आणि विंडोजच्या मनातली माहिती जुनी, अशी अवस्था उद्भवू शकते. रिस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही नव्याने वाचले जाते. पॉवर मेनूतून रिस्टार्ट करावे किंवा शिफ्ट की दाबून धरून शटडाउन निवडावे. ‘मी चार वेळा बंद करून चालू केले’ असे सांगणाऱ्या कित्येकांनी एकदाही रिस्टार्ट केलेले नसते, आणि सिस्टिम माहितीच्या पानावरील विसंगती अनेकदा एवढ्यानेच मिटते.

याच बैठकीत सीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो यांसारखी प्रोसेसरची माहिती दाखवणारी टूल्स नव्या आवृत्तीची करून घ्यावीत. जुन्या आवृत्त्यांना नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञा) किंवा नवा प्रोसेसर नीट वाचता येत नाही. दोन टूल्समधील फरकाचे कारण पुष्कळदा साधे असते: एक टूल त्या क्षणाचा गुणक वाचून गुणाकार करते, तर दुसरे प्रोसेसर झोपेत गेलेला वेळही धरून सरासरी काढते. एचडब्ल्यूइन्फोमधील ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ हा असा सरासरीचा आकडा आहे, आणि निवांत मशीनवर तो अगदी थोडा दिसला तरी घाबरू नये. अपडेटमुळे व्हर्च्युअलायझेशन (मशीनमध्ये आभासी मशीन चालवण्याची सोय) चालू झाले असेल आणि विंडोजची मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा कार्यरत असेल, तरीही काही टूल्सचे मूळ घड्याळाचे मापन डळमळते.

तिसरी तपासणी: मशीन निवांत तर नाही?

टास्क मॅनेजर उघडून नुसते पाहत बसल्यास वेग कमीच दिसणार. एखादे जड काम चालू करून आकडा पाहावा. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा किती टक्के आहे ते पाहावे. ती ९९ टक्के असली, तर टर्बो पूर्ण बंद होतो. एका टक्क्याने मूळ वेगाच्या वरचा सगळा वेग जातो, हे अनेकांना खरे वाटत नाही. उन्हाळ्यात लॅपटॉप थंड राहावा म्हणून कोणीतरी हे सेटिंग कधीकाळी केलेले असते आणि दोष बायोसच्या माथी बसतो.

३.६० ऐवजी ३.५९ दिसत असेल, तर हा विषय इथेच संपवावा. विद्युतचुंबकीय गोंगाट पसरवून सौम्य करण्यासाठी मदरबोर्ड मूळ घड्याळ अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली झुलवतो, त्याला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात, आणि अपडेटनंतर हे सेटिंग पुन्हा चालू झालेले असते. कामात फरक पडत नाही.

चौथी तपासणी: इव्हेंट व्ह्यूअर

माझ्या मते या सगळ्या तपासातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित जागा हीच. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून विंडोज लॉग्समधील सिस्टिम या विभागात ‘कर्नेल-प्रोसेसर-पॉवर’ या स्रोताच्या नोंदी शोधाव्यात. त्यांतील ५५ क्रमांकाची नोंद प्रत्येक बूटला येते आणि तिच्यात फर्मवेअरने विंडोजला कळवलेला मूळ वेग मेगाहर्ट्झमध्ये आणि कमाल कामगिरी टक्क्यांत दिलेली असते. तिथला मूळ वेग प्रोसेसरच्या अधिकृत मूळ वेगाशी जुळत नसेल, तर चूक फर्मवेअरच्या सांगण्यात आहे, हे तिथल्या तिथे कळते.

दुसरी नोंद ३७ क्रमांकाची. तिचा मजकूर असा की, अमुक प्रोसेसरचा वेग सिस्टिम फर्मवेअरकडून मर्यादित केला जात असून इतके सेकंद तो त्याच स्थितीत आहे. ही नोंद दिसली म्हणजे आकडा खरा आहे आणि वेग खरोखरच रोखला गेला आहे. रोखणारा घटक तीनांपैकी एक असतो: उष्णता, वीजपुरवठा किंवा चुकीचे सेटिंग.

लॅपटॉपवर ०.३९ किंवा ०.७९ दिसत असेल, तर आधी चार्जर तपासावा. काही लॅपटॉपच्या गोल पिनच्या मध्यभागी सुईसारखी एक बारीक तार असते. तिच्यातून चार्जर आपली ओळख आणि वॅट लॅपटॉपला कळवतो. एका शिकवणीच्या वर्गातून आलेल्या लॅपटॉपची ती तार एका बाजूला कलली होती. बॅटरी चार्ज होत नव्हती, पण लॅपटॉप चालत होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. जुना बायोस ओळख न पटलेला चार्जर खपवून घेत होता, नव्या बायोसने प्रोसेसरला थेट ४०० मेगाहर्ट्झवर बसवले. त्याच वॅटचा अस्सल चार्जर लावताच वेग परत आला. अपडेटने तिथे काहीच बिघडवले नव्हते, आधीपासून असलेला दोष उघड केला होता.

अशा वेळी मदरबोर्डकडून प्रोसेसरला जाणारा ‘वेग कमी कर’ हा इशारा सॉफ्टवेअरने बंद करण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. निदानासाठी दोन मिनिटे तो करून पाहण्यास हरकत नाही. कायमचा ठेवणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे आहे, कारण तोच इशारा प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डवरील व्होल्टेज रेग्युलेटर तापल्यावरही येतो.

पाचवी तपासणी: बायोसमधील सेटिंग

अपडेट करताना बायोसची जवळजवळ सर्व सेटिंग मूळ पदावर येतात, आणि नव्या आवृत्तीतील ‘मूळ पद’ जुन्या आवृत्तीसारखेच असेल असे नाही. आत जाण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कचे कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मिळवून कागदावर लिहावी, कारण फर्मवेअरमधील बदलानंतर विंडोज ती मागू शकते आणि की नसेल तर डेटा हातचा जातो. एएमडीच्या मशीनवर अपडेटनंतर एफटीपीएम (अशा कुलपांच्या चाव्या सांभाळणारा भाग) रीसेट करण्यासाठी वाय दाबा, असा संदेश आला, तर तेथेही ही की हाती असल्याशिवाय वाय दाबू नये. दुसरे म्हणजे प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. डिस्कचा मोड एएचसीआय होता की रेड, हे आठवत नसताना डिफॉल्ट्स लोड केल्यामुळे विंडोज सुरूच न होण्याचे प्रसंग मी पुरेसे पाहिले आहेत.

मग वेग चढवणारी-उतरवणारी टर्बो बूस्ट आणि स्पीडस्टेप ही सेटिंग, किंवा एएमडीवर कोअर परफॉर्मन्स बूस्ट, चालू आहेत का ते पाहावे. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे एक्सएमपी हे सेटिंग बंद झाले असेल तर डीडीआर४ रॅम बहुधा २१३३ किंवा २४०० वर उतरलेली असते आणि मशीन मंद वाटते, प्रोसेसरचा वेग मात्र जागच्या जागी असतो.

यानंतर पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने किती वॅट वीज घ्यावी याची मर्यादा. इथे जरा रेंगाळतो, कारण ‘चढतो आणि अर्ध्या मिनिटात उतरतो’ या लक्षणाचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. एका फोटो स्टुडिओतील आय५-१०४०० चे मशीन अपडेटनंतर लग्नाच्या अल्बमचे फोटो एक्स्पोर्ट करताना अडखळू लागले होते. मी शेजारी बसून टास्क मॅनेजर आणि घड्याळ दोन्हींकडे पाहत होतो: सर्व कोअर ४.० गिगाहर्ट्झवर गेले, तिथे टिकले, आणि पंचविसाव्या सेकंदानंतर थोड्याच वेळात साडेतीनच्या आसपास येऊन स्थिरावले. पुन्हा एक्स्पोर्ट लावले, पुन्हा तसेच. इंटेलच्या शिफारशीनुसार या प्रोसेसरला अल्पकाळ १३४ वॅट आणि दीर्घकाळ ६५ वॅट अशी मर्यादा असून अल्पकाळ म्हणजे २८ सेकंद. जुन्या बायोसमध्ये बोर्ड बनवणाऱ्याने ही मर्यादा उघडी सोडली होती, नव्या बायोसने ती पाळायला सुरुवात केली. स्टुडिओच्या मालकांना मशीन बिघडले आहे असे वाटत होते, वस्तुतः ते प्रथमच नियमाप्रमाणे चालत होते. मर्यादा वाढवता येते, परंतु डब्यासोबत आलेला लहान कूलर आणि वातानुकूलन नसलेली खोली पाहून मी आधी कूलर बदलायला लावला आणि मगच आकडा थोडा वर नेला.

हीच गोष्ट इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना अधिक गंभीरपणे लागू आहे. जास्त व्होल्टेजमुळे त्यांतील काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे निष्पन्न झाल्यावर २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडच्या सुधारणा दिल्या, बोर्डांच्या बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज आली आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. असा प्रोसेसर असेल आणि अपडेटनंतर वेग थोडा कमी दिसत असेल, तर तो परत मिळवण्यासाठी जुना बायोस टाकू नये. उलटही घडते: सप्टेंबर २०१९ मध्ये एएमडीने रायझन ३००० मालिकेच्या बूस्टमधील त्रुटी फर्मवेअरने दुरुस्त केली तेव्हा वेग साधारण २५ ते ५० मेगाहर्ट्झने वाढला. अपडेटपूर्वीचा आकडा बरोबर आणि नंतरचा चूक, असे गृहीत धरण्यास काही आधार नाही.

सहावी तपासणी: उष्णता

अपडेटमुळे पंख्यांच्या वेगाची सेटिंगही पुसली जातात. पूर्ण ताणाखाली तापमान पाहावे. आय५-१०४०० ची मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे आणि तिथे पोहोचताच तो स्वतःच वेग कमी करतो. पंखा फिरतो आहे का, धूळ बसली आहे का, इंटेलच्या कूलरच्या चारही पिना बोर्डमध्ये नीट बसल्या आहेत का, हे मशीन बंद करून आणि वायर काढून पाहावे. एक पिन जरी वर आली असली तरी कूलर तिरका होतो आणि तापमान काही सेकंदांत उसळते. कूलर उचलला तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नये.

सातवी तपासणी: सीमॉस आणि त्याचा सेल

बायोसच्या पानावरच वेग चुकीचा दिसत असेल, तर आतापर्यंतची विंडोजमधील खटपट व्यर्थ आहे. सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग जपणारी मेमरी, साफ करावे. मुख्य वायर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून, बोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना जोडाव्यात किंवा सेल काढून काही मिनिटे थांबावे. सेल सीआर२०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो आणि अगदी स्वस्त मिळतो. मशीन बंद ठेवल्यावर तारीख मागे जात असेल, तर तो न मोजताच बदलावा.

जुन्या मशीनवर हा दोष फार मजेशीर दिसे. एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ हा १८३३ मेगाहर्ट्झचा, म्हणजे १६६ गुणिले ११. सीमॉस पुसले गेले की काही बोर्ड मूळ घड्याळ सुरक्षिततेसाठी १०० वर आणत आणि तोच प्रोसेसर ११०० मेगाहर्ट्झचा म्हणून पडद्यावर येई. लोक प्रोसेसर बदलून दिल्याचा आरोप दुकानदारावर करत. आजच्या बोर्डांवर मूळ घड्याळ असे सहसा घसरत नाही, पण बायोसमध्ये ते १०० च्या आसपास आहे ना, हे एकदा पाहून घेण्याची सवय मला तिथून लागली.

आठवी तपासणी: फर्मवेअर पुन्हा टाकणे

इथपर्यंत काहीच सापडले नाही, किंवा ५५ क्रमांकाच्या नोंदीतला मूळ वेगच चुकीचा आहे, तर बोर्डच्या अचूक मॉडेलचा आणि रिव्हिजनचा क्रमांक बोर्डवर वाचून, आपला प्रोसेसर त्या आवृत्तीच्या यादीत आहे का ते निर्मात्याच्या संकेतस्थळावर तपासावे. नवी आवृत्ती आलेली असेल तर ती, नसेल तर तीच पुन्हा, एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून बायोसच्या आतल्या सोयीनेच टाकावी, विंडोजमधून नव्हे. यूपीएस नसेल तर हे काम करू नये. वीज जाणार असल्याचा संदेश त्या दिवशी आलेला असेल, तर यूपीएस असूनही करू नये.

कुठे थांबावे

फर्मवेअर टाकताना मशीन मध्येच बंद पडले आणि बोर्डवर फ्लॅशबॅकचे, म्हणजे बिघडलेला बायोस पुन्हा टाकणारे, बटण नसेल, तर घरी करण्यासारखे काही उरत नाही. चिप प्रोग्रामरने लिहावी लागते आणि ते चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याचे काम आहे. तापमान साधारण, चार्जर किंवा एसएमपीएस (डेस्कटॉपचा वीजपुरवठ्याचा डबा) बदलून पाहिलेला, सीमॉस साफ केलेले आणि तरीही ३७ क्रमांकाच्या नोंदी येतच असतील, तर बोर्डवरील सेन्सर किंवा व्होल्टेज रेग्युलेटर दोषी असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हाही थांबावे. प्रोसेसरजवळची वीज जोडणी काळवंडलेली दिसली किंवा जळका वास आला, तर मशीन पुन्हा चालू करून खात्री करण्याचा मोह आवरावा. वॉरंटीतील लॅपटॉप तर उघडूच नये, सीमॉस सेलसाठीसुद्धा नाही. एसएमपीएसचा डबा कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक भार शिल्लक असतो.

दुरुस्तीला देताना बायोसची आधीची आणि आताची आवृत्ती, ३७ आणि ५५ क्रमांकाच्या नोंदींचे फोटो, ताणाखालील तापमान आणि स्टॉपवॉचवर मोजलेला वेळ एका कागदावर लिहून मशीनसोबत द्यावा. बिटलॉकरची की मात्र त्या कागदावर लिहू नये.